एका कान्याचे अंतर

मी कम्युनिस्ट नाही. हे प्रारंभीच नोंदवून ठेवतो, कारण आमच्या तालुक्यात माणूस ज्याच्याविषयी चार बऱ्या ओळी लिहितो त्याच्याच पक्षाचा समजला जातो, आणि असा समज करून घेणाऱ्या तिघांना मी यापूर्वी लेखी खुलासा पाठवलेला आहे. त्यांपैकी एकानेही पोच दिली नाही. कम्युनिझमवर माझे आक्षेप आहेत. ते मी हसनमियाँ खतीब यांना वेळोवेळी समक्ष आणि दोनदा रजिस्टर्ड पोस्टाने कळवले होते. ते माझ्या घरापासून तिसऱ्या वाडीत राहत. पत्र तालुक्याला जाऊन पुन्हा आमच्याच गावी येई आणि पोस्टमन ते त्यांच्या हाती देई तेव्हा मी कुंपणापाशी उभा असे. हसनमियाँ सही करीत, तिथेच पाकीट फोडीत, सावकाश वाचीत आणि म्हणत, "नाझरसाहेब, मुद्दा क्रमांक तीन चांगला आहे. बाकीचे मुद्दे वर्गहितातून आलेले आहेत."

मी दिवाणी न्यायालयात आधी नकलनवीस होतो आणि नाझर म्हणून सेवानिवृत्त झालो. माझी वर्गहिते म्हणजे निवृत्तिवेतन आणि सुपारीची पंचावन्न झाडे. हेही मी त्यांना कळवले होते.

हसनमियाँ तरुणपणी बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतले मुलगे तेव्हा बोटीने जगभर जात. आता विमानाने आखातात जातात. उर्दू शाळेत चार इयत्ता करून ते खलाशी झाले आणि खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग, होऊन परत आले. बुटके, रुंद, खांदे अजून दोर ओढत असल्यासारखे. घरी लुंगी आणि वर इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. पुस्तकांचे गठ्ठे ते बोटीवरच्या गाठींनी बांधत आणि त्या गाठी त्यांच्याशिवाय कोणालाही सुटत नसत. शुक्रवारी ते मशिदीत जात व शेवटच्या रांगेत उभे राहत. कम्युनिस्ट माणसाने हे कसे काय, असे विचारल्यावर म्हणत, "जनतेत राहावे लागते." त्यांच्या आडनावाचा अर्थ मशिदीत प्रवचन देणारा असा होतो, हे मी निदर्शनास आणून दिल्यावर त्यांनी ते नाकारले नाही. "प्रवचन तर देतोच," म्हणाले.

ते कम्युनिस्ट झाले ते ओडेसा बंदरात. तिथे खलाशांसाठी एक क्लब होता. एका रशियन बाईंनी त्यांना देश विचारला, मग भाषा विचारली आणि आतून सहा पुस्तके आणून हातात ठेवली. मराठी पुस्तके, मॉस्कोत छापलेली. हसनमियाँ मराठी बोलत; वाचत नसत.

"त्या बाईने माझी जबान छापून ठेवलेली, आणि मी पुस्तक उलटं धरलेलं," ते सांगत. "तिने हसून सरळ करून दिलं. नाझरसाहेब, मी त्या दिवशी कम्युनिस्ट झालो. आत काय लिहिलंय ते पुढे कळलं."

गावी परतल्यावर ती सहा पुस्तके घेऊन ते नारायण गुरुजींकडे गेले. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, हसनमियाँपेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणजे तेव्हा पंचविशीच्या आतलेच. गुरुजींनी त्यांना बाराखडी शिकवली आणि शिकवता शिकवता स्वतः ती पुस्तके वाचली. अशा रीतीने आमच्या गावात आंतरराष्ट्रीय साम्यवाद आला. त्याच्या आगमनाचे दुसरे कोणतेही कारण मला सापडलेले नाही. गावात कारखाना नव्हता, आजही नाही.

याचा एक परिणाम असा झाला की हसनमियाँचे मराठी मॉस्कोचे झाले. घरात ते किनाऱ्यावरची बोली बोलत आणि रागावले की तीच तोंडी येई. परंतु शुद्धीवर असताना ते भाषांतरित पुस्तकासारखे बोलत. बंदरावर मासे घ्यायला गेले की टोपलीपाशी उकिडवे बसून विचारत, "बाई, या सुरमईच्या किमतीमागची वस्तुगत परिस्थिती काय आहे?"

"परिस्थिती काय असनार?" कोळीण जनाबाय म्हणे. "होडीच गेली न्हाय. घ्यायची तर घे, न्हायतर रशियात जाऊन घे."

"तिथे सुरमई नसते."

"मंग कसली रं तुमची क्रांती?"

यावर हसनमियाँ सुरमई घेत. जनाबायचा हा प्रश्न त्यांनी मला अनेकदा ऐकवला आणि दर वेळी मान्य केले की मूळ ग्रंथांत त्याचे उत्तर नाही.

तेव्हा पक्षाचे सात सभासद होते. ते सातही जण सुपारीचे व्यापारी मगनशेठ यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून दिवसभर वाद घालीत. गिऱ्हाईक ओट्यावर चढेना. शेठ धार्मिक वृत्तीचे आणि व्यवहारी होते. त्यांनी दुकानापासून पुरेशी लांब असलेली आपली एक खोली या लोकांना लिहून दिली. दस्तातले वाक्य मला तोंडपाठ आहे: पक्षाचे सभासद या खोलीत एकत्र बसून वाचतील तोपर्यंत खोली त्यांची, तसे न झाल्यास ती माझ्या वारसांकडे परत यावी. शेठना ओटा मोकळा हवा होता. हसनमियाँना वाचनालय मिळाले. जगात त्यांच्या मालकीचे, म्हणजे त्यांच्या मते कोणाच्याच मालकीचे नसलेले, असे तेवढेच एक ठिकाण होते आणि त्यासाठी ते पुढची साठ वर्षे जगले असे म्हणण्यास हरकत नाही.

पाटी त्यांनी स्वतः रंगवली, बोटीच्या लाल रंगाने: 'अंतरराष्ट्रीय श्रमिक वाचनालय'.

उद्घाटनाच्या दिवशी गुरुजी पाटीखाली उभे राहून म्हणाले, "हसन, काना राहिला. अंतर नव्हे, आंतर."

"देतो उद्या," हसनमियाँ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोटीवरून तार आली आणि ते निघून गेले. ते समुद्रावर असताना मॉस्को आणि पेकिंग यांचे भांडण विकोपाला गेले व इकडे देशातला पक्ष फुटला. सातांपैकी पाच जण म्हणाले की इतकी मोठी माणसे भांडत असतील तर आपण घरी जावे, आणि गेले. उरले दोन. हसनमियाँ मॉस्कोच्या बाजूला राहिले, कारण पुस्तके तिथून आली होती. गुरुजी दुसऱ्या बाजूला गेले, कारण मॉस्कोवाल्यांनी मूळ सिद्धांतात परस्पर दुरुस्ती केली असे त्यांचे मत झाले. अशा लोकांना त्या काळी दुरुस्तीवादी म्हणत आणि त्या गोटात ही शिवी आई-बहिणीवरून दिलेल्या शिवीपेक्षा जड समजली जाई. गुरुजींनी ती बंदरावर, लोकांदेखत, हसनमियाँना दिली. लोक गुरुजींना 'चिनी' म्हणू लागले.

"मी चिनी नाही," गुरुजी संतापून म्हणत. "मी बरोबर आहे."

यानंतर काना देणे अशक्य झाले. हसनमियाँनी दिला असता तर ती दुरुस्ती ठरली असती आणि दुरुस्तीवादाचा आरोप त्यांच्यावरच होता. गुरुजींनी दिला असता तर दुरुस्ती करणारे ते ठरले असते. सबब पाटी जैसे थे राहिली.

मगनशेठच्या मुलाने हे सर्व पाहिले आणि दावा लावला. सभासद आता एक नाहीत, म्हणून खोली परत मिळावी, असे त्याचे म्हणणे. दावा बरीच वर्षे चालला. मी नोकरीला लागलो तेव्हा तो अंतिम टप्प्यात होता आणि निकालाची नक्कल माझ्या हातची आहे. न्यायाधीशांनी दस्त पुन्हा वाचून असे ठरवले की त्यात 'एकत्र बसून' असे लिहिले आहे, 'एकमताने' असे नाही. उभय सभासदांनी दर रविवारी सकाळी खोलीत एकत्र बसावे व वाचावे. हजेरीची वही ठेवावी. दाराला प्रत्येकाने आपापले कुलूप लावावे. आणि सबळ कारणाविना एकही रविवार चुकल्यास वारसांना मोकळीक राहावी. इतका स्वच्छ निकाल मी पुढे पाहिला नाही. हल्लीच्या निकालांविषयी माझे मत मी संबंधितांना कळवलेले आहे.

हसनमियाँनी तोवर बोट कायमची सोडली होती. तेव्हापासून दर रविवारी दोघे दोन वाटांनी येत. हसनमियाँ वरचे कुलूप काढीत, गुरुजी खालचे. आत एकमेकांकडे पाठ करून बसत आणि तासभर वाचीत. आपसांत बोलत नसत. मधोमध एक रिकामी खुर्ची होती, सभेच्या अध्यक्षाची. काही सांगायचेच झाले तर ते खुर्चीला सांगत.

"अध्यक्षमहाराज, समोरच्या सभासदाने खिडकी लावावी. पाने उडताहेत."

"अध्यक्षमहाराज, खिडकी उघडी राहावी. काही सभासदांच्या विचारांना वारा लागणे जरूर आहे."

हुकुमाची तामिली नीट होते की नाही हे पाहण्यासाठी मीही जाऊ लागलो. ही जबाबदारी माझ्यावर कोणी सोपवलेली नव्हती. पहिल्याच दिवशी मी अजाणता त्या खुर्चीत बसलो. दोघांनी एकदम वर पाहिले. "उठा," हसनमियाँ म्हणाले. "उठा," गुरुजी म्हणाले. फुटीनंतर त्यांचे एकमत झालेला हा पहिला ठराव असावा.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्याची बातमी आली त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. माझ्याजवळ काही मुद्दे तयार होते. हसनमियाँ नेहमीच्या वेळी आले, कुलूप काढले, बसले. पुस्तक उघडले नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हजेरीची वही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'सोव्हिएत संघ आजपासून गैरहजर.' मग वही जागेवर ठेवून भिंतीकडे पाहत राहिले. गुरुजी उठले. पंचवीसएक वर्षे ज्या राज्याला ते बंदरावर उभे राहून शिव्या देत होते ते आता उरले नव्हते. त्यांना बोलण्याचा पूर्ण अधिकार होता. त्यांनी वही वाचली, चष्मा पुसला आणि त्या शेऱ्याखाली शाळामास्तरी अक्षरात लिहिले: 'रजा नामंजूर.'

माझे मुद्दे मी खिशातच ठेवले.

ते पुढे मांडले. अन्यायाबाबत मी गप्प बसत नाही. तिथल्या तुरुंगांविषयी, उपाशी मेलेल्या खेड्यांविषयी, मध्यरात्री उचलून नेलेल्या माणसांविषयी मी हसनमियाँना सरळ विचारले. त्यांनी पुस्तकातले काहीही ऐकवले नाही. म्हणाले, "मी ओडेसात बुटांसाठी रांग पाहिली. मी पण उभा राहिलो. तीन तासांनी जोड मिळाला. दोन्ही डाव्या पायाचे."

"मी माणसांविषयी विचारतो आहे, बुटांविषयी नाही."

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "माणसांचा जवाब माझ्यापाशी न्हाय, नाझरसाहेब. जवाब असता तर मी पुढारी झालो असतो."

मी म्हटले, मग अजून कम्युनिस्ट का? ते म्हणाले, "पुस्तक सरळ धरायला कुणी शिकवलं, ते विसरता येत न्हाय." हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अपुरे आहे. मी तसे त्यांना कळवले.

चक्रीवादळाच्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंत उभे झाड मोजावे लागे. वाचनालयाचे छप्पर गेले आणि मागची भिंत बसली. चौकट मात्र उभी राहिली. दार बंद, दोन्ही कुलपे जागच्या जागी. रविवारी पाऊस होता. मागल्या बाजूने गाय आत येऊन उभी होती. हसनमियाँ आले आणि वरचे कुलूप काढले. गुरुजी आले आणि खालचे काढले. दार उघडून दोघे आत गेले, गायीला मागल्या बाजूने घालवले आणि बसले. छत्री एकच होती, गुरुजींची. गुरुजींनी ती मधल्या खुर्चीवर धरली, म्हणजे अध्यक्ष भिजू नयेत म्हणून. ती दोघांनाही पुरली. वहीत मी 'छप्पर नाही' असा शेरा लिहिण्यास सुचवले. हसनमियाँ म्हणाले, "हुकुमात छप्पर कुठे आहे?" मी निकाल आठवून पाहिला. नव्हते.

भिजलेली पुस्तके त्यांनी खळ्यात सुपारीशेजारी वाळत घातली. ती फुगून दुप्पट जाड झाली. त्यांना ते 'विस्तारित आवृत्ती' म्हणू लागले. गावाने ताडपत्री दिली आणि नंतर पत्रे बसवले.

गुरुजींचे विसरणे सुरू झाले ते यानंतर दोन-तीन वर्षांनी. आधी चष्मा, मग नावे. एका रविवारी सून हाताला धरून त्यांना घेऊन आली. गुरुजी दारापाशी थांबले आणि म्हणाले, "दोन कुलपं कशाला?"

हसनमियाँनी माझ्याकडे पाहिले. मग अध्यक्षांना उद्देशून, बाहेर उभे राहूनच, म्हणाले, "चोऱ्या वाढल्यात."

"बाकीचे पाच अजून आले न्हाईत," गुरुजी म्हणाले आणि आत जाऊन बसले. ज्या वर्षी पक्ष फुटला ते वर्ष त्यांच्या डोक्यातून निघून गेले होते. हसनमियाँ त्या दिवशी मला घरापर्यंत सोबत आले. "साठ वर्षं हा माणूस चूक होता," ते म्हणाले. "आता चूक कोणती तेच त्याला आठवत न्हाय. मी वाद घालू कोणाशी?"

वाद घालायला दुसरा माणूस तयार होताच. मगनशेठचा नातू पारस याला खोलीच्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. मुलगा नम्र होता. नोटीस त्याने स्वतः आणून दिली आणि हसनमियाँच्या पाया पडला. नोटिशीतला मुद्दा असा की दस्तात 'एकत्र बसून वाचतील' असे आहे आणि नारायण गुरुजी आता वाचत नाहीत, केवळ बसतात.

"चाचा, मी येत्या रविवारी येतो," पारस म्हणाला. "मोबाइलवर शूटिंग करीन, बस. गुरुजी वाचले तर नोटीस पाछी घेतो. नाही वाचले तर... कागद दादाजींचा छे ने, माझा नाही."

संतापाने मला त्या आठवड्यात नीट जेवण गेले नाही. 'वाचणे' या शब्दाचा कायदेशीर अर्थ काय यावर मी सतरा पानांचे टिपण केले. ते घेऊन गेलो तेव्हा हसनमियाँ ओट्यावर बसून एकाच दोरीला पुन्हा पुन्हा गाठ मारीत आणि सोडीत होते. टिपण त्यांनी घेतले नाही.

"मास्तर न्हाय वाचले तर खोली गेली," ते म्हणाले. "सहा महिने त्यांनी पान उघडलं न्हाय. तुमच्या सतरा पानांनी ते वाचतील काय?"

रविवारी पारस वेळेवर आला आणि दाराशी मोबाइल धरून उभा राहिला. गुरुजींना सुनेने आणून बसवले. हसनमियाँनी फुगलेल्या पुस्तकांतले सर्वांत जुने, ओडेसाचे पहिले, टेबलावर ठेवले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "अध्यक्षमहाराज, समोरच्या सभासदाने पुस्तक घ्यावे."

गुरुजींनी खुर्चीकडे पाहिले. मग हसनमियाँकडे.

"हसन, खुर्चीत कोण हाय?"

गुरुजींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाहिला.

"रिकामी खुर्ची हाय. कुणाशी बोलतोस तू?"

"तुमच्याशीच, मास्तर," हसनमियाँ म्हणाले.

"मग माझ्याकडं बघून बोल. उभा राहा. काढ पुस्तक, वाच."

पंच्याऐंशी वर्षांचे हसनमियाँ टेबलाला धरून उभे राहिले. पारस मला हळूच म्हणाला, "काका, हे तर उभे आहेत. कागदात 'बसून' आहे." मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुढे काही म्हटले नाही, पण मुद्दा बिनतोड होता, हे मला मान्य करावे लागेल.

हसनमियाँ वाचू लागले. ते पुस्तक त्यांनी किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. त्या दिवशी मात्र ते अक्षराखाली बोट ठेवून, अडखळत, पहिलीतल्या मुलासारखे वाचत होते. गुरुजींची मान प्रत्येक अक्षराबरोबर हलत होती. चौथ्या ओळीत हसनमियाँनी वाचले, "अंतर... राष्ट्रीय."

"थांब. काय वाचलंस?"

"अंतरराष्ट्रीय."

"छापलंय काय?"

"तेच दिसतंय, मास्तर."

"आण इकडं." गुरुजींनी पुस्तक ओढून घेतले, डोळ्यांशी नेले आणि स्वच्छ, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात वाचले, "आं-तर-रा-ष्ट्री-य. अंतर म्हणजे लांब होणं. आंतर म्हणजे मधलं, एकमेकांतलं. एका कान्याचा फरक हाय, आणि तू दर खेपेला तोच खातोस."

"देतो, मास्तर."

"उद्या देतो म्हणू नको."

"न्हाय म्हणत."

"बस आता."

हसनमियाँ बसले. गुरुजींच्या समोर, तोंडासमोर तोंड. त्या खोलीत मी ते प्रथमच पाहत होतो.

पारसने मोबाइल खाली केला. "वाचलं," तो म्हणाला. "एकच शब्द, पण वाचलं. कागदात किती शब्द ते लिहिलेलं नाही." तो मगनशेठचा नातू होता खरा. नोटीस त्याने तिथेच मागे घेतली, माझ्या आग्रहावरून लेखी.

इथे एक गोष्ट शपथेवर सांगतो. पाटीवर काही असो, हसनमियाँनी तो शब्द बोलताना माझ्या ऐकण्यात एकदाही चुकीचा उच्चारला नव्हता.

थंडीत गुरुजी गेले. तेराव्याआधीचा रविवार आला तेव्हा सुनेने त्यांच्या कुलपाची चावी हसनमियाँकडे आणून दिली. आता सभासद एक. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पक्षाच्या सभासदत्वासाठी रीतसर अर्ज केला. कम्युनिझमवरील माझे आक्षेप परिशिष्ट म्हणून सोबत जोडले. लेखाच्या प्रारंभी मी जे नोंदवले आहे त्याला या अर्जाने बाध येत नाही, असे माझे मत आहे.

हसनमियाँनी अर्ज वाचला, परिशिष्टही वाचले. मग "सभा घ्यावी लागेल" म्हणून आत गेले आणि दार लावून घेतले. अर्ध्या तासाने कागद आणून दिला. 'अर्ज एकमताने फेटाळण्यात येत आहे. अर्जदार प्रामाणिक आहे, परंतु कम्युनिस्ट नाही. सबब.'

मी कडाडलो. हा निव्वळ तांत्रिक मुद्दा आहे, खोली वाचते, वारसांना आव्हान देता येणार नाही, वगैरे सर्व मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"नाझरसाहेब, खोटा सभासद घेऊन खोली ठेवली तर मास्तर बंदरावर उभे राहून मला जे म्हणाले होते ते खरं ठरेल." ते चावी हातात फिरवीत होते. "आणि दस्त तुम्हीच वाचलाय. एकटा माणूस एकत्र बसत न्हाय."

पारसला त्यांनी स्वतःच निरोप धाडला.

पुस्तके शाळेने घेतली नाहीत. ती माझ्याकडे आहेत. 'ताबा म्हणजे संमती नव्हे' असे मी पोचपावतीवर लिहून दिले आणि हसनमियाँनी ते मान्य केले. त्यांच्या गाठी मला अद्याप सुटलेल्या नाहीत. पुढे मुलाने त्यांना मस्कतला नेले आणि तिथेच ते वारले. तिथल्याच वाळूत आहेत. मी त्यांना नीट असे शेवटचे पाहिले ते त्याआधी, अर्ज फेटाळल्याच्या पुढच्या रविवारी, खोली सोडण्याच्या सकाळी.

मी गेलो तेव्हा दोन्ही कुलपे उघडी होती आणि दोन्ही चाव्या चौकटीला अडकवलेल्या होत्या. हसनमियाँ दारात स्टुलावर चढले होते. हातात लाल रंगाचा डबा, नवा आणलेला. पारस खाली अवघडून उभा होता.

"चाचा, पाटी तर आम्ही काढणारच आहोत ने," तो म्हणाला. "कशाला चढता या वयात?"

"काढा," हसनमियाँ म्हणाले. "चुकीची काढू नका."

मी पुढे होऊन स्टूल धरले. त्यांनी ब्रश डब्याच्या काठाला निथळला, सदऱ्याची बाही मागे सारली आणि एक उभी रेघ ओढली. काना किंचित वाकडा आला. अ आणि त यांच्यामध्ये जागा मुळातच कमी होती. शिवाय काना दिल्यावर अनुस्वार त्याच्या डोक्यावर सरकवायला हवा. तो मागे अ वरच राहिला. ही चूक आहे आणि ती मी तिथेच पाहिली. स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून मी काही बोललो नाही.